स्वेटर किती घ्यायचे?

बर्फातल्या ट्रेकला पहिल्यांदाच निघालेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. विचारणारा काही अगदीच कच्चा नसतो. भर पावसात राजमाची झालेली असते, कळसूबाई दोन-चारदा झालेलं असतं, डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर कुडकुडत रात्र काढलेली असते. त्यामुळे त्याचा हिशेब सरळ असतो: तिकडे थंडी जास्त, म्हणून कपडे जास्त. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही यावर एकमत असतं आणि निघताना सॅकमध्ये एक जादा स्वेटर कोंबला जातो.

या हिशेबात थंडी धरलेली असते, ओल धरायची राहून जाते. सह्याद्रीत आपण दिवसभर भिजतो आणि त्यातच मजा मानतो. वीस-बावीस अंशांत ओल्या कपड्यांनी फार तर शिंका येतात. शून्याच्या आसपास आणि वाऱ्यात तीच ओल जिवावर बेतू शकते. बर्फातल्या ट्रेकचं निम्म्याहून जास्त शहाणपण कोरडं राहण्यात आहे, म्हणून स्वेटर मोजण्याआधी आपण घाम मोजू.

उदाहरणाला केदारकंठा घेऊ. महाराष्ट्रातून पहिला बर्फ पाहायला जाणाऱ्यांची तिथे दर हिवाळ्यात रीघ लागते. वाट सोपी मानली जाते आणि बहुतेक दिवस ती सोपी असतेही.

१. थंडी नेमकी किती?

केदारकंठा उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात आहे. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत गाडी दिवसभरात सांक्री गावाला पोचते. सांक्रीची उंची सुमारे १,९५० मीटर. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर. म्हणजे महाराष्ट्राची उंची जिथे संपते त्याच्याही तीनशे मीटर वरून हा ट्रेक सुरू होतो. पहिला मुक्काम जुडा का तालाब, सुमारे २,७७० मीटर. दुसरा बेस कॅम्पला, सुमारे ३,४३० मीटर. तिथून पहाटे निघून शिखर, सुमारे ३,८१० मीटर.

उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. समजा, पहाटे सांक्रीत २ अंश आहेत. शिखर तिथून १,८६० मीटर वर, म्हणजे सुमारे १२ अंश कमी: उणे १०. हा हिशेब ढोबळ आहे, कारण शांत रात्री जड थंड हवा दरीत साचते आणि गावच जास्त गारठतं. पण अंदाजाला पुरतो.

आता त्यात वारा घाला. उघड्या कातडीलगत शरीराने तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या गालाला उणे २० ची थंडी लागते. शिखराच्या धारेवर एवढा वारा म्हणजे विशेष काही नाही. म्हणूनच पाचव्या स्वेटरपेक्षा वारा अडवणारं एक पातळ जॅकेट जास्त कामाचं ठरतं. स्वेटरच्या विणीतून वारा आरपार जातो.

२. चढताना गरम, थांबल्यावर गार

स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता तयार करतं. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना हा आकडा पाच-सहापट होतो. त्यामुळे उणे ५ अंशांतही चढणारा माणूस घामाघूम होतो आणि नेमका तोच दहा मिनिटांनी चहाला टेकला की दातावर दात आपटू लागतो. दोन्ही वेळी हवा तीच असते. बदललेली असते ती आतली निर्मिती.

म्हणजे दिवसभर चालेल असा एकच पेहराव बर्फात असूच शकत नाही. सांक्रीतून निघतानाच सगळं चढवून घेतलं, तर पहिल्या तासाभरातच आतला थर भिजतो आणि उरलेला दिवस त्याची किंमत मोजण्यात जातो. अनुभवी लोक निघताना मुद्दाम थोडे कुडकुडत निघतात. पंधरा मिनिटांत अंग तापतं. त्याउलट थांबायचं ठरलं, की थंडी वाजायची वाट न पाहता आधी जाड जॅकेट अंगात घालायचं आणि मग पाण्याची बाटली काढायची. सॅकच्या तळाशी दाबून ठेवलेलं जॅकेट त्यासाठी उपयोगाचं नाही. ते सगळ्यात वर हवं.

३. ओला बनियन आणि किलोभर बर्फ

तहान लागली तर बर्फ खाऊ नये, असं सगळे सांगतात. का, ते आकड्यांत पाहू. एक किलो बर्फ वितळवायला सुमारे ८० किलोकॅलरी लागतात. त्या पाण्याला शून्यावरून शरीराच्या ३७ अंशांवर आणायला आणखी ३७. एकूण ११७. एका पोळीपेक्षा थोडं जास्तच. उन्हात चालताना हे फार नाही. पण संध्याकाळी दमून बसलेल्या शरीराला एवढी उष्णता तयार करायला सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो. म्हणून बर्फ खाणं मूर्खपणाचं.

आता घामाकडे वळू. वितळण्याला लागते त्याहून कितीतरी जास्त उष्णता पाण्याची वाफ व्हायला लागते. कातडीच्या तापमानाला एक किलो घाम सुकण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी जातात. चढावर भिजलेल्या सुती बनियनमध्ये २०० ग्रॅम घाम मुरला असेल, तर तो अंगावर सुकवायला शरीराला ११६ किलोकॅलरी मोजाव्या लागतील. म्हणजे ओला बनियन अंगावर वाळवणं हे जवळजवळ किलोभर बर्फ खाण्याइतकंच महाग. बर्फ खायला कुणीही कचरतो. ओला बनियन मात्र ‘चालतोय, सुकेल’ म्हणत रात्रभर अंगात राहतो.

आणि हा झाला फक्त सुकण्याचा खर्च. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. कापडातल्या हवेची जागा पाण्याने घेतली, की त्या कपड्याचं ऊब धरण्याचं काम जवळपास संपतं. सुती कापड पाणी शोषून धरून ठेवतं, त्यामुळे बर्फात ते सर्वांत वाईट. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको. पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकरीचा पातळ बनियन घाम बाहेरच्या थराकडे ढकलतो आणि लवकर वाळतो. घरच्या लोकरी स्वेटरला हिणवायचं कारण नाही. लोकर ओली असतानाही थोडीफार ऊब देते, फक्त ती जड होते आणि वाळायला दोन दिवस घेते.

४. गोधडी अंगावर घालायची

आजीची गोधडी जाड ब्लँकेटपेक्षा उबदार का वाटते? जुन्या लुगड्यांचे पातळ थर एकावर एक टाकून ती शिवलेली असते. ऊब लुगड्यात नसते, दोन लुगड्यांच्या मध्ये अडकलेल्या हवेत असते. नवी गोधडी फुगलेली असते म्हणून उबदार. वर्षानुवर्षं वापरून चपटी झाली की तिची ऊब जाते आणि भिजली तर ती फक्त ओझं.

बर्फातले कपडे याच रीतीने घालायचे. अंगालगत घाम ओढणारा पातळ थर. त्यावर हवा धरणारा फ्लीस. त्यावर वारा आणि बर्फ अडवणारं जॅकेट. आणि थांबल्यावर, शिबिरात, पहाटेच्या अंधारात घालायला पिसांचं किंवा कृत्रिम भरणाचं फुगीर जॅकेट. ही गोधडी शिवलेली नसते एवढाच फरक, त्यामुळे चढ आला की एक लुगडं काढता येतं आणि धारेवर आलो की घालता येतं. दोन बारीकसारीक गोष्टी विसरू नयेत. कपडे एकावर एक घालताना घट्ट झाले तर मधली हवाच दाबली जाते. एका मापाने मोठं जॅकेट दिसायला गबाळं असलं तरी बरं. दुसरं, पिसांचं भरण भिजलं की चपटं होतं, म्हणून ते जॅकेट घालून चढ चढू नये.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: चालण्यासाठी पातळ तीन, थांबण्यासाठी जाड एक, आणि झोपण्यासाठी एक कोरडा आतला जोड, जो काहीही झालं तरी दिवसा अंगात घालायचा नाही. टोपी दोन. हातमोजे दोन जोड, कारण एक जोड भिजणारच.

५. रात्र

तंबूत झोपलेल्या माणसाची उष्णता वरच्यापेक्षा खालच्या बाजूने जास्त पळते. स्लीपिंग बॅगचं भरण पाठीखाली दाबलं जातं आणि त्याची हवा निघून जाते. म्हणून खालची मॅट बॅगइतकीच महत्त्वाची. एक फोमची आणि तिच्यावर एक हवेची, अशा दोन असल्या तर उत्तम. बॅग भाड्याने घेताना तिच्यावर लिहिलेले आकडे नीट वाचा. दुकानदार ‘उणे १५ ची बॅग’ म्हणतो तेव्हा तो बहुधा ‘एक्स्ट्रीम’चा आकडा सांगत असतो, आणि त्याचा अर्थ त्या थंडीत माणूस कसाबसा तग धरेल एवढाच. झोप लागायची असेल तर ‘कम्फर्ट’चा आकडा पाहायचा.

ओल रात्रीही पिच्छा सोडत नाही. थंडी वाजते म्हणून तोंड बॅगेच्या आत घेतलं, तर श्वासातली वाफ भरणात मुरते आणि दुसऱ्या रात्री तीच बॅग कमी ऊब देते. नाक-तोंड बाहेर ठेवून टोपी भुवयांपर्यंत ओढावी. तंबूच्या झडपा पूर्ण बंद केल्या, तर हीच वाफ आतून कापडावर गोठते आणि सकाळी अंगावर भुरभुरते. थोडी फट हवी. ती फट आणखी एका कारणासाठी लागते. बंद तंबूत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि झोपेतच माणूस जातो. हे धाडस कुणी कितीही आग्रह केला तरी करायचं नाही.

पाण्याची बाटली उलटी का ठेवतात, हाही नेहमीचा प्रश्न. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून गार झालेलं पाणी वर येतं आणि गोठणं वरून सुरू होतं. बाटली उलटी ठेवली की बर्फ तिच्या बुडाशी धरतो आणि सकाळी झाकण उघडतं. नळीने प्यायच्या पिशव्या बर्फात आणूच नयेत, नळी पहिल्या तासात गोठते. झोपताना गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली मोज्यात घालून बॅगेत घ्या. तिच्याबरोबर मोबाईल, टॉर्चचे सेल, दिवसाचे दमट मोजे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले बूटही. गोठलेल्या बुटात पहाटे तीन वाजता पाय कोंबणं हा अनुभव टाळता येण्याजोगा आहे.

मध्यरात्री लघवीला जायचा कंटाळा येतो म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद करणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. थंड कोरड्या हवेत नुसत्या श्वासावाटेही खूप पाणी जातं, आणि कमी पाण्याने हातापायांचं रक्ताभिसरण मंदावतं.

६. खाणं

हिवाळी ट्रेकमध्ये दिवसाला साडेतीन-चार हजार किलोकॅलरी सहज खर्च होतात. जेवण तंबूतलं असतं, त्याची काळजी आयोजक करतात. वाटेत खिशातून खाता येईल असं मात्र आपलं हवं: तीळगूळ, शेंगदाण्याचे लाडू, खजूर. जानेवारीत जाणाऱ्यांना संक्रांतीचा डबा आयता मिळतो. रमचा घोट मात्र नको. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतलं गरम रक्त पृष्ठभागावर येतं, ऊब आल्यासारखं वाटतं आणि शरीराचा गाभा गार होतो.

७. पाय आणि डोळे

बूट घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे आणि जाड मोजा घालूनही बोटं हलतील एवढे सैल. तीन मोजे कोंबून घट्ट केलेल्या बुटात रक्तच पोचत नाही आणि बोटं आधी गारठतात. बुटावरून गुडघ्यापर्यंत गेटर, म्हणजे वरून बर्फ आत शिरत नाही. टणक बर्फावर बुटाला अडकवायचे मायक्रोस्पाइक. बोट किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडून बधिर झाला, तर तो काखेत किंवा तळहातात धरून ऊब द्यायची. बर्फाने चोळणं हा जुना उपाय पूर्ण चुकीचा आहे. त्याने गोठलेल्या पेशी फाटतात. कातडी कडक झाली असेल तर चोळाचोळ न करता माणसाला खाली डॉक्टरकडे न्यायचं.

ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हाचा ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. ऊन खालूनही लागतं, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला क्रीम लावावं लागतं. काळा चष्मा छायाचित्रासाठी नसतो. त्याच्याशिवाय दिवस काढला तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू होते आणि माणूस एक-दोन दिवस पाहू शकत नाही.

८. विरळ हवा

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६३ टक्के असतो. एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी. शरीर याला सरावतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा सर्वमान्य नियम आहे. केदारकंठाच्या नेहमीच्या कार्यक्रमात जुडा का तालाब ते बेस कॅम्प ही उडी ६६० मीटरची आहे. बहुतेकांना ती पचते. तरी एखादा जादा दिवस सांक्रीत किंवा तालाबाजवळ काढता आला, तर मी तो अवश्य काढायला सांगेन. सुट्टी वाचवण्यासाठी ट्रेक चार दिवसांत उरकणं हा खोटा हिशेब आहे.

डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, ही उंचीचा त्रास सुरू झाल्याची खूण. अशा वेळी वर जायचं नाही. त्रास वाढला तर उतरायचं. दारू प्यायल्यासारखा तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही.

९. बर्फाचा उतार

सह्याद्रीत नाळ म्हणजे वर चढायची हक्काची वाट. दोन्ही बाजूंना कातळ, मधून दगडगोट्यांचा चढ. बर्फात ही सवय आधी विसरायची. वरच्या उतारांवरून सुटलेला बर्फ नाळेतूनच खाली येतो, आणि तो तिथे भरून उरतो.

हिमस्खलन वाटेल त्या उतारावर होत नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर ते सर्वांत जास्त होतं. त्याहून कमी उतारावर बर्फ बहुधा टिकून राहतो, फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही. उतार किती आहे हे मोबाईलवर मोजता येतं: चालायची काठी उतारावर आडवी ठेवा, तिच्यावर मोबाईल ठेवा, कोन दिसतो. फक्त आपल्या पायाखालचाच उतार पाहून भागत नाही, डोक्यावर काय आहे तेही पाहावं लागतं. सपाट वाटेवर चालणाऱ्यावरही वरचा उतार येऊ शकतो.

बर्फ एकाच दिवशी पडलेला नसतो. थरांवर थर असतात आणि मधला एखादा थर साखरेसारखा भुसभुशीत असतो. त्याच्यावर नवा जड थर बसला की तो फक्त निमित्ताची वाट पाहतो. माणसं सापडतात त्या बहुतेक स्खलनांत ते निमित्त त्यांच्यापैकीच कुणाचं तरी पाऊल असतं. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे किंवा जोराच्या वाऱ्यानंतरचे २४ ते ४८ तास सगळ्यात वाईट. चालताना बर्फ ‘धप्’ असा आवाज करून खाली बसला किंवा पायापासून तडा पळत गेला, तर आल्या पावली मागे फिरायचं.

गाडले गेलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघांतला एक. बाहेरची मदत दहा मिनिटांत कधीच पोचत नाही, म्हणून युरोपात असे उतार ओलांडणारा प्रत्येक जण ठावठिकाणा सांगणारं यंत्र, लांब सळई आणि फावडं बाळगतो. केदारकंठाच्या नेहमीच्या गटांकडे हे नसतं. वाट बरीचशी देवदार-ओकांच्या जंगलातून आणि मग धारेवरून जाते, त्यामुळे ते आजवर खपून गेलं आहे. याचा अर्थ एवढाच, की रुळलेली वाट सोडून ‘शॉर्टकट’ मारायचा नाही. प्रशिक्षितांनाही हिमस्खलनाचा धोका सुटत नाही: ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या शिखरावर हिमस्खलनात सापडलेली तुकडी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची होती.

१०. गाभा गार होऊ लागला की

शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी उणे तापमान लागत नाही. जून २०२४ मध्ये, ऐन उन्हाळी मोसमात, उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या गटातले नऊ जण वादळात सापडून दगावले.

सुरुवातीला माणूस थरथरतो, जॅकेटची चेन लावता येत नाही, बोलणं अडखळतं, पावलं चुकतात. मग तो हट्टी होतो आणि ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो. ते त्याचं ऐकायचं नाही. थरथर थांबली आणि तो अजून थंडच असेल, तर ती सुधारणा नसून बिघाड आहे. वाऱ्याआड न्या, ओले कपडे सगळे उतरवा, कोरडे घाला, मॅटवर ठेवून स्लीपिंग बॅगेत घाला, काखेत आणि छातीशी गरम पाण्याच्या बाटल्या द्या. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तरच गोड गरम पेय. हातपाय चोळू नका. ओले कपडे उतरवायला लाजेमुळे उशीर होतो, विशेषतः मिश्र गटांत. याबद्दल सांक्रीतच मोकळेपणी बोलून ठेवावं.

११. पैसे भरण्याआधी

आयोजकाला विचारायचे प्रश्न थोडे आहेत. एका वाटाड्यामागे किती माणसं? प्रथमोपचाराचं शिक्षण कुणाला आहे? ऑक्सिजन सिलिंडर कुठल्या मुक्कामापर्यंत असतो? शिखराच्या दिवशी किती वाजता, कुठे असलो तरी, परत फिरायचं? या शेवटच्या प्रश्नाला ठरलेली वेळ सांगता आली नाही, तर दुसरा आयोजक शोधा. पहाटे गोठून टणक असलेला बर्फ दहा-अकरानंतर उन्हाने मऊ होतो, पाय मांडीपर्यंत रुततो, बूट भिजतात आणि उतरायला दुप्पट वेळ लागतो. तीन वाजता उठवतात ते सूर्योदयाच्या फोटोपेक्षा याचसाठी.

शौचाचीही चौकशी करा. थंडीत मैला कुजत नाही, आणि बर्फात पुरलेला मैला वसंतात तसाच तालाबात उतरतो. खड्ड्याची सोय मातीत खणून केलेली हवी.

परतीचं तिकीट काढताना एक दिवस मोकळा सोडा. मोठी बर्फवृष्टी झाली तर सांक्रीचा रस्ता बंद पडतो, आणि त्याच रात्री डेहराडूनहून गाडी असलेली माणसं नको त्या उतारावरून घाई करतात.